भुरीच्या घराची मागची भिंत

अब्दुल गनींना देऊळघाटात कोणी अख्खा कप चहा बसून पिताना पाहिलेलं नाही. पहिला घोट खाटेवर, दुसरा दारात, आणि उरलेला अंगणात, तोही कप कुठल्यातरी दगडावर विसरून. नजमुन्निसाभाभी रोज संध्याकाळी घराभोवती फिरून कप गोळा करतात. निकाहाला पस्तीस वर्षं झाली, तेव्हापासून हे काम त्यांच्याकडंच आहे. साठी आली की माणूस जागेवर बसेल, असं त्यांना वाटलं होतं. पण यंदा डिसेंबरात गनीभाईंच्या पायाला जी भिंगरी लागली, ती पाहून भाभींनीही हात टेकले.

कारण काय, तर एक कुत्री. भुरी तिचं नाव. शेतावरच्या बकऱ्या राखणारी, अंगानं दणकट, मातकट रंगाची. ती गाभण होती, आज व्यायली का उद्या अशी गत. आणि गनीभाईंनी तिच्यासाठी स्वतःच्या हातानं विटा-सिमेंटचं पक्कं घर बांधलं होतं, त्यात ती पाय ठेवायला तयार नव्हती. घर बांधून बारा दिवस झाले होते. बारा दिवसांत गनीभाई सकाळी एकदा, दुपारी दोनदा, अंधार पडायच्या आत एकदा अशा खेपा मोटारसायकलवर मारत होते. प्रत्येक वेळी तेच. घर रिकामं, आणि भुरी बाहेर मातीत.

गनीभाई जन्माचे गवंडी. निम्मं देऊळघाट त्यांच्या ओळंब्यावर उभं आहे म्हटलं तरी चालेल. त्यांच्या कामाची एक खूण होती, ती म्हणजे मागची भिंत कोरी. खिडकी नाही, झरोका नाही, साधं भोक नाही. ते अकरा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांच्या घरात मागच्या खिडकीचे गज वाकवून चोर शिरला आणि आईच्या लग्नातली तांब्याची सगळी भांडी घेऊन गेला. आई पुढं कितीतरी दिवस रिकाम्या फळीकडं पाहत बसायची. ते पोराच्या मनात असं रुतलं, की मोठेपणी हातात थापी आल्यावर त्यांनी मागच्या भिंतीला कधी खिडकी ठेवलीच नाही. लोकांनाही ते पटलं. मागच्या बाजूला स्वयंपाकघर असायचं, तिथं दिवसाढवळ्या बल्ब लावावा लागायचा, पण गनीभाईंच्या एकाही घरात मागून चोर शिरला नाही. हे ते चारचौघांत अभिमानानं सांगत.

सहा वर्षांपूर्वी बांधकामाच्या परांचीवरून पडून गुडघा गेला आणि थापी सुटली. मग गावापासून कोस-दीड कोसावर, जंगलाच्या कडेला असलेल्या आपल्या चार एकरांत त्यांनी बकऱ्या पाळल्या. आज अडतीस आहेत. लोखंडी जाळीचा मोठा गोठा आहे. गोठ्याच्या पलीकडं नाला, आणि नाल्याच्या पलीकडं जंगल. जंगलात बिबट्या आहे ही काही बातमी नाही. तो कधी नाल्यानं येतो, वास घेतो, आणि जातो. जातो ते बाशा आणि भुरीमुळं.

ही दोन्ही कुत्री गनीभाईंना एका धनगरानं दिली. तो दरवर्षी उन्हाळ्यात मेंढ्या बसवायला त्या शिवारात उतरतो. मुठीएवढी दोन पिल्लं हातात देताना त्यानं बजावलं होतं, "घरी नेऊन लाड करू नका. आजपासून बकऱ्यांत ठेवा. बकऱ्यांत खातील, बकऱ्यांत झोपतील, तवा त्यायले आपलं मानतील." गनीभाईंनी तसंच केलं. पिल्लं करडांच्या कुशीत झोपून वाढली. आता बाशाच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, कारण बिबट्या आधी गळा धरतो. भुरीला तो पट्टा सहन होत नाही. ती पंजानं ओरबाडून काढते.

घरी न नेण्याची अट नजमुन्निसाभाभींना फारच सोयीची होती. राखणीला कुत्रं ठेवायला हरकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण कुत्र्याची लाळ अंगाला लागली की कपडे बदलल्याशिवाय, पाक झाल्याशिवाय नमाज होत नाही, हेही ठाऊक होतं, आणि नमाज त्यांनी कधी चुकवली नव्हती. शेतावर आल्या की त्या भाकरी उंचावरून टाकत. बाशा आणि भुरीनंही हे समजून घेतलं होतं. ती चार हात लांब बसून शेपटी हलवत.

गेल्या वर्षी याच दिवसांत भुरी पहिल्यांदा व्यायली होती. गोठ्यात बकऱ्यांच्या खुरांखाली पिल्लं टिकली नसती, म्हणून तिनं बाहेर जागा धरली. गोठ्याच्या कोपऱ्याला लागून, नाल्याच्या बाजूला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग होता, त्याच्याखाली. त्याच दिवशी अवकाळी पाऊस लागला. गनीभाई गावात घरी होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि त्यांच्या मनात आलं होतं, जाऊन पाहावं. मग त्यांनी स्वतःलाच सांगितलं, कुत्री आहे, तिचं तिला कळतं. आणि रजई ओढून घेतली.

सकाळी गेले तेव्हा तीन पिल्लं पाण्यात गारठून ताठ झाली होती. चौथं नव्हतंच. नाल्याच्या ओल्या मातीत पंजाचे ठसे होते. भुरी त्या तिघांना चाटत होती. गनीभाईंनी पिल्लं उचलून पुरली, तर ती चार दिवस त्या उकरलेल्या मातीवर बसून राहिली. अन्नाला शिवली नाही. त्या चार दिवसांत ती गनीभाईंकडं पाहायची आणि गनीभाई दुसरीकडं पाहायचे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, नजमुन्निसाभाभींनाही नाही. पण त्या रजईची त्यांना लाज वाटत राहिली.

म्हणून यंदा भुरी गाभण आहे असं कळल्यावर त्यांनी सहा वर्षांनी थापी काढली. गंज घासला, दांड्याला तेल लावलं. गोठ्यापासून आठ पावलांवर आखणी केली. पाणी आत येऊ नये म्हणून हातभर उंच जोतं. चांगल्या भाजलेल्या विटा. आतून-बाहेरून गिलावा. वर स्लॅब. दार वाटेच्या दिशेला, कारण घराचं तोंड वाटेकडंच असतं. गोठ्याकडची आणि नाल्याकडची बाजू ती मागची, म्हणून ती भिंत कोरी. बिबट्या येणार तो मागूनच. मग मागं भोक कशाला? गनीभाईंनी ओळंबा धरून भिंत दोनदा तपासली. एका दोऱ्याचाही फरक नव्हता.

शेजारच्या वावरातले पंजाबराव रोज धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, उभे राहून ते बांधकाम पाहायचे. दोघं बालपणापासूनचे दोस्त, पंजाबरावांचं घरही गनीभाईंनीच बांधलेलं.

"गनीभाई, स्लॅब टाकला का बे कुत्रीच्या घराले?" पंजाबराव म्हणाले. "माह्या सुनंच्या खोलीले अजून टिनाचे पत्रे आहेत!"

"तुही सून बकऱ्या राखते का?"

"नाही, पण वास्तुशांतीले बोलाव मले. नवीन धोतर घालून येतो."

"येजो. तुलेच कुत्रीच्या पंगतीले बसवतो."

पंजाबराव खदाखदा हसत गेले. पण बारा दिवसांनंतर हसणं संपलं होतं. पंजाबराव आता धुऱ्यावरून फक्त हातानं विचारत, गेली का? आणि गनीभाई मान हलवत, नाही.

काय नाही केलं त्यांनी. आत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा पसरला. भुरीनं हुंगलं आणि बाहेर आली. कुटार टोचत असेल म्हणून गोणपाट घातलं, गोणपाटावर जुनं पोतं, पोत्यावर आपली फाटकी रजई. हो, तीच रजई. सिमेंटचा वास येत असेल म्हणून लोबान जाळून धूर केला. शुक्रवारी मटणाची हाडं आणून आत अगदी शेवटाला, भिंतीशी ठेवली. भुरी आत गेली. गनीभाईंनी श्वास रोखून धरला. भुरीनं हाड तोंडात धरलं, बाहेर आली, आणि गोठ्याच्या जाळीला पाठ टेकवून सावकाश फोडत बसली.

एका दुपारी तर ते स्वतः रांगत आत गेले आणि तिला विश्वास यावा म्हणून पाय पोटाशी घेऊन पडून राहिले. दारातून वाट दिसत होती, वाटेवरून जाणारा-येणारा दिसत होता. छान ऊब होती. गनीभाईंना वाटलं, आपलं घर यापेक्षा काय वेगळं आहे? त्यांचा डोळाही लागला. जागे झाले तेव्हा बाशा दारात बसून त्यांच्याकडं टक लावून पाहत होता. बाहेर येऊन पाहिलं, तर भुरी गोठ्याच्या कोपऱ्याशी माती उकरत होती. त्याच कोपऱ्यात, जिथं गेल्या वर्षी पऱ्हाट्यांचा ढीग होता. ढीग तर गनीभाईंनी केव्हाच हलवला होता. ती उघड्या जमिनीत खड्डा करत होती.

गनीभाई खड्डा बुजवायचे, ती पुन्हा उकरायची. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी फावडं फेकून दिलं आणि तिच्यावर ओरडले, "मराचं आहे का तुले? पुन्हा तसंच पाह्यजे का?" भुरी कान पाडून ऐकत राहिली. ते वळल्याबरोबर तिनं पंजा मातीत घातला.

तेराव्या दिवशी नाल्याच्या कडेला ठसे दिसले. ताजे. त्याच दिवशी मोबाईलवर हवामानाचा इशारा आला, दोन दिवसांत गडगडाटासह पाऊस. आभाळ खरोखरच भरत चाललं होतं, आणि थंडीत जो एक चमत्कारिक दमटपणा येतो तो आला होता. गनीभाई तडक गोठ्यात गेले. त्यांनी गोठ्यातली बोकडाची साखळी काढली, भुरीच्या गळ्यात पट्टा घातला, पट्ट्याला साखळी अडकवली, आणि तिला घरात ओढत नेऊन आत भिंतीला मारलेल्या हुकाला बांधली. ती चावली नाही. चावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

घरी आले, पण जेवण जाईना. दोन घास खाल्ले, उठले. दारात गेले, परत आले. चहा मागितला, तो तसाच ठेवला. पत्र्याकडं पाहत उभे राहिले. अजून पाऊस नव्हता.

"काय झालं?" नजमुन्निसाभाभींनी विचारलं. नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी. शेतीचा विषय निघाला की वऱ्हाडीच चालायची.

"काही नाही. वावरात जाऊन येतो."

"आत्ताच तर आले तुमी."

"आलो, तं काय झालं? पुन्हा जातो."

"थांबा. मी बी येते. हरभऱ्याची भाजी खुडाची आहे."

हरभऱ्याची भाजी हे निमित्त होतं. नवरा तेरा दिवस धड जेवला नव्हता आणि त्याचं काय चाललं आहे ते एकदा डोळ्यांनी पाहायला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं.

वाटेवर मोटारसायकल थांबली तेव्हा दुपार होती, पण उजेड संध्याकाळचा. भुरीचा आवाज लांबूनच येत होता. भुंकणं नव्हतं, रडणंही नव्हतं. एकसारखं बारीक कण्हणं. बाशा घराला गोल गोल फेऱ्या घालत होता आणि गोठ्यातल्या बकऱ्या एकीकडं गोळा होऊन उभ्या होत्या.

भुरी साखळी जाईल तितकी दाराबाहेर आली होती. मागचं अंग आत, पुढचं बाहेर. मान वळवून, घराच्या कडेवरून मागं पाहायची तिची धडपड चालली होती. पट्टा रुतून गळ्याची कातडी सोलली होती, केसांना रक्त लागलं होतं. पोट जमिनीला टेकलं होतं, तरी ती मान वळवायची थांबत नव्हती.

"या अल्ला," भाभी म्हणाल्या. "बांधून काऊन ठेवली तिले?"

"मंग काय करू? आडमुठी आहे. राजवाड्यात बसवलं तरी उकिरड्यात जाईल. कुत्र्याची जात ते!"

भाभी जवळ गेल्या. त्या भुरीकडं पाहत उभ्या राहिल्या. तिच्या वळलेल्या मानेकडं, मग मान जिकडं वळत होती तिकडं. घराच्या कडेपलीकडं गोठ्याचा कोपरा तेवढा दिसत होता. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, भाजीची टोपली खाली ठेवली आणि वाकून भुरीच्या गळ्यातला पट्टा सोडवायला लागल्या.

"अगं, हात! कपडे!" गनीभाई धावले. "असरची नमाज व्हायची आहे तुही!"

"धुईन."

पट्टा सुटला. भुरी तडक कडेवरून वळून गोठ्याकडं गेली, जाळीला नाक लावलं, आणि तिथंच धपकन बसली. करडं पलीकडून तिच्या नाकाशी आली. आणि ज्या बाईनं पाच वर्षांत या कुत्र्यांना बोट लावलं नव्हतं, ती बाई गुडघे टेकून त्या घरात शिरली.

गनीभाई बाहेर उभे.

"काय करून राह्यली आत?" त्यांनी वाकून विचारलं.

नजमुन्निसाभाभी मागच्या भिंतीशी बसल्या होत्या. "इथून बकऱ्या दिसत नाहीत," त्या म्हणाल्या.

"दिसाले काय पाह्यजे? झोपाची जागा आहे ते."

"तिची झोप बकऱ्यांत असते. तिले त्या दिसाले पाह्यजे."

"मागून बिबट्या येते, नजमा. मागची भिंत कोरीच लागते. तेहेतीस साल झाले, तुले सांगून राह्यलो..."

"मालूम आहे मले," भाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपल्या जाकीरले मी ओढणीनं बांधत होते. आठवते का? धान्याच्या कोठीच्या पायाले. त्याच्या मागून कौसरले."

गनीभाईंना आठवत होतं. कामावरून येत तेव्हा पोरगं पायाला ओढणीची गाठ मारून स्वयंपाकघरात बसलेलं असे. ते हसत. पोर उडाणटप्पू निघणार, म्हणत.

"खोडकर होते दोघं बी," ते म्हणाले.

"खोडकर नव्हते. मागच्या आंगनात आड होता. भाकरी करतानी मले आंगन दिसत नव्हतं. भिंत दिसे. लेकरू खेळून राह्यलं का आडात पडलं, काही समजे ना. एक खिडकी ठेवा म्हटलं होतं मी. तुमी म्हटलं, चोर येते. मंग मी लेकरं बांधली. रडून रडून त्यायचे पाय सुजत. तुमी घरी याच्या आधी सोडून तेल लावत होते."

एवढं बोलून त्या बाहेर आल्या. गुडघ्यांची माती झटकली आणि हात धुवायला हौदाकडं गेल्या. हात त्या कितीतरी वेळ धूत राहिल्या.

गनीभाई तिथंच उभे होते. या माणसाला उभं राहायची सवय नाही, पण त्या दिवशी पाय हलेनात. तेहेतीस वर्षं. दिवसातून तीन वेळा त्या भिंतीपुढं भाकरी थापणं. त्याचा हिशेब करायचा म्हटला तरी डोकं चालेना. निकाह झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी ते घर मोठ्या हौसेनं बांधलं होतं. गावातली माणसं पाहायला आली होती. नजमुन्निसानं खिडकी मागितली होती हे आता आठवलं, आणि आपण काय म्हणालो तेही आठवलं, अगदी आवाजासकट. वाईट याचं वाटलं, की त्यानंतर तिनं पुन्हा मागितली नाही आणि आपल्याला ते बरं वाटलं होतं.

मग ते गोठ्यामागच्या खोलीत गेले आणि छन्नी-हातोडा घेऊन आले.

स्वतःची भिंत फोडणं सोपं नसतं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ भिंती पाडल्या, पण त्या दुसऱ्यांच्या. ही भिंत पक्की होती. सिमेंट भरपूर, सांधे घट्ट. पहिल्या विटेला अर्धा तास लागला. गुडघा दुखत होता. घाम नाकावरून छन्नीवर पडत होता. ठोक्यांचा आवाज ऐकून पंजाबराव धुऱ्यावरून आले.

"काऊन फोडून राह्यला बे? एवढी चांगली भिंत?"

"तोंड चुकलं घराचं," गनीभाई मान वर न करता म्हणाले. "मागून पाह्यजे."

पंजाबरावांनी एकदा दोस्ताच्या चेहऱ्याकडं पाहिलं, एकदा हौदाशी उभ्या असलेल्या भाभींकडं. जी थट्टा ओठावर आली होती ती त्यांनी गिळली. धोतराचा सोगा खोचला आणि निघालेल्या विटा एकेक करून पुढच्या बाजूला नेऊन रचायला लागले.

दोघांनी मिळून गोठ्याकडं दार पाडलं. भुरीच्या खांद्याएवढं, जास्त नाही. कडा वाकड्यातिकड्या राहिल्या. वाटेकडचं जुनं दार त्याच विटांनी आणि मातीनं बुजवलं, वर हवेला एक वीट रिकामी ठेवली. गनीभाईंनी ओळंबा काढलाच नाही. नव्या दारावर पोत्याचा अर्धा पडदा टांगला. वारा अडेल आणि आतून गोठा दिसेल, एवढाच.

आता भुरी. ती जाळीशी बसून हे सगळं पाहत होती. मधून मधून उठायची, वळायची, पुन्हा बसायची. तिची धाप वाढली होती. आभाळ आणखी खाली आलं. गनीभाईंनी नव्या दारापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून नव्या दारापर्यंत फेऱ्या चालू केल्या. चुचकारलं, नाव घेतलं, रजई झटकून पुन्हा घातली, बाहेर काढून पुन्हा झटकली.

"एका जागी बसा तुमी," नजमुन्निसाभाभी म्हणाल्या. "तुमाले पाहूनच तिचा जीव थाऱ्यावर नाही."

"बसू कसा? पाऊस आला म्हणजे?"

"बसा म्हटलं ना."

भाभी असा आवाज क्वचित काढत. गनीभाई उरलेल्या विटांच्या थप्पीवर बसले. पंजाबरावांनी आपल्या वावरातून डब्यात चहा आणला होता, तो स्टीलच्या पेल्यात ओतून हातात दिला. गनीभाई प्यायले. पहिला घोट तिथंच, दुसराही तिथंच. मांडी उडत होती, पण ते उठले नाहीत. पेला रिकामा झाला तेव्हा भुरी उठली.

ती दाराशी गेली. हुंगलं. मागं वळून गोठ्याकडं पाहिलं. आत गेली आणि लगेच डोकं बाहेर काढून पुन्हा गोठ्याकडं पाहिलं. मग आत रजई ओरबाडल्याचा आवाज आला, तीनदा गोल फिरल्याचा, आणि बसल्याचा. पडद्याखालून तिचं नाक दिसत राहिलं. बाशा आला आणि दारासमोर आडवा पडला. पहिला थेंब पडला तो त्याच्या पाठीवर, आणि त्यानं कातडी थरथरवली, पण जागा सोडली नाही.

त्या रात्री पाऊस खूप झाला. गनीभाई घरी पत्र्याखाली येरझाऱ्या घालत राहिले. उजाडायच्या आत मोटारसायकल काढली. नाल्याला पाणी आलं होतं आणि ठसे काही असतील ते धुऊन गेले होते. बाशा चिखलानं माखून त्याच जागी पडलेला. गनीभाई गुडघ्यावर बसले. त्यांनी पडदा उचलला. आत सुकं होतं. पाच पिल्लं झाली होती. एक निपचित होतं, भुरीनं ते बाजूला सारलं होतं. चार तिच्या पोटाशी एकमेकांवर चढत दूध पीत होती. भुरीनं गनीभाईंकडं पाहिलं. या वेळी त्यांनी नजर चुकवली नाही. मग तिनं त्यांच्या खांद्यावरून गोठ्याकडं पाहिलं, बकऱ्या आहेत ना याची खात्री केली, आणि डोकं टेकवलं. गनीभाई तिथंच बसून हमसाहमशी रडले. पंजाबराव धुऱ्यापर्यंत आले होते, ते आल्या पावली परत फिरले.

घरी आले तेव्हा नजमुन्निसाभाभी ओट्याशी भाकरी थापत होत्या. डोक्यावर बल्ब पेटलेला. गनीभाई स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"चार आहेत," ते म्हणाले. "जित्ते."

"शुकर आहे," भाभी म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

गनीभाईंनी हात वर करून बल्ब बंद केला. सकाळचे नऊ वाजले होते, आणि भाकरीखालच्या जाळाशिवाय काही दिसेना. त्यांनी बल्ब पुन्हा लावला. मग पिशवीतून छन्नी-हातोडा काढला, ओट्यापुढच्या भिंतीजवळ गेले, खुणेसाठी कानावरची पेन्सिल बोटांत धरली आणि आपल्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर छन्नी टेकवली.

"आता काय पाह्याचं आहे तिकडं?" भाभी म्हणाल्या. "आड बुजवला. लेकरं गेली. जाकीर पुण्याले, कौसर डोणगावले."

छन्नी भिंतीला लागलेलीच होती, आणि हातोडा उचलावा की नाही ते गनीभाईंना कळत नव्हतं. शेजारी तवा उतरल्याचा आवाज आला. नजमुन्निसाभाभींनी ओढणीला हात पुसले, नवऱ्याच्या बोटांतली पेन्सिल काढून घेतली, ओट्याशी जिथं रोज उभ्या राहत तिथं सरळ उभ्या राहिल्या, आणि समोरच्या भिंतीवर एक रेघ ओढली.

"इथं," त्या म्हणाल्या. "याच्या वर नका नेऊ."

गनीभाईंनी छन्नी लावली होती त्याच्यापेक्षा ती रेघ चांगली दीड वीत खाली होती.